दोनशे बारा जणांची थुंकी

माझी मावशी वयाच्या चौतिसाव्या वर्षी गुहेवर कामाला लागली, तेव्हा तिला वाटलं होतं, दोन महिन्यांचं काम आहे, संपलं की घरी. त्याआधी ती चुनखडीच्या खाणीत, बाहेर पडणारे ट्रक मोजायच्या खिडकीत बसायची. खाणीच्या वरच्या अंगाला डोंगरात ती गुहा होती. मेंढरांनी बसावं आणि रिकामटेकड्यांनी पत्ते कुटावेत, यापलीकडे तिचा कुणाला उपयोग नव्हता. मग एकदा सुरुंगाच्या हादऱ्याने आतली माती ढासळली आणि तिच्यातून हाडं निघाली. खाणीच्या मॅनेजरने पोलिसांना बोलावलं, पोलिसांनी डॉक्टरला. डॉक्टरने एक हाड उलटसुलट करून पाहिलं आणि फौजदाराला म्हणाला, "याचा तपास तुमच्याच्याने व्हायचा नाही. मेलेल्याला हजारो वर्षं झालीत."

मग विद्यापीठातली माणसं आली. त्यांच्या प्रमुख एक प्राध्यापक बाई होत्या. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण गुहेच्या तोंडापर्यंतची चढण रोज चढायच्या. आमची भाषा त्या पुस्तकातून शिकल्या होत्या, त्यामुळे चहा मागतानासुद्धा अर्ज केल्यासारख्या बोलायच्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत.

मावशीचं काम चाळणीवरचं. गुहेतून खरवडलेली माती बादल्यांनी खाली पत्र्याच्या शेडमध्ये यायची. ती बारीक जाळीच्या चाळणीत घालून पाण्याच्या धारेखाली धुवायची, उरलेली खडी ट्रेमध्ये वाळवायची, आणि मग दिव्याखाली चिमट्याने एकेक कण निवडायचा. उंदरांचे दात एका डबीत, माशांचे मणके दुसरीत, कोळशाचे कण तिसरीत. तिच्याबरोबर लागलेल्या चार बायकांनी पाठदुखीने आठवड्याभरात काम सोडलं. मावशी टिकली. "ट्रक मोजण्यापेक्षा बरं आहे," ती म्हणायची. "ट्रकात काय आहे ते आधीच माहीत असतं."

तिसऱ्या वर्षी एका दुपारी तिने चिमट्यात एक दात धरला आणि मोठ्या बाईंना हाक मारली.

"बाई, हा माणसाचा आहे. लेकराचा."

"हे आपण कशावरून म्हणता?"

"माझ्या दोन पोरांचे दात पडले ते मीच उचललेत."

मोठ्या बाईंनी भिंगाखाली दात धरला. मग त्यांनी मावशीला भिंगातून पाहायला लावलं. दाताचं मूळ झिजलेलं होतं. म्हणजे नवा दात वर आल्यावर तो आपोआप पडला होता. "तो पडला तेव्हा हे मूल जिवंत होते," मोठ्या बाई म्हणाल्या. चाळीस हजार वर्षांपूर्वीचं सात-आठ वर्षांचं एक मूल, त्या गुहेत बसून हलणारा दात चाचपणारं. मावशी त्या दिवशी घरी आली ती न जेवता बसून राहिली. काकांना वाटलं, नोकरी गेली.

मोठ्या बाईंचं एक ठाम मत होतं. जे सापडेल ते आधी इथल्या लोकांना सांगायचं, मग जगाला. म्हणून हंगाम संपताना त्या शाळेच्या सभागृहात व्याख्यान द्यायच्या. लोक यायचे आणि मागच्या रांगेपासून एकेक करून पेंगायला लागायचे. एका वर्षी मावशीला ते बघवलं नाही. ती उठली, म्हणाली, "बाई, मी सांगू का?" आणि तिने त्या दाताची गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली. कुणी पेंगलं नाही. तेव्हापासून ते काम तिच्याकडेच आलं. प्लास्टरचे दात, कवटीचा तुकडा, दगडी पाती असं सगळं एका पेटीत भरून ती बसने आसपासच्या शाळांमधून हिंडायची. लोकांनी तिचं नाव हाडंताई ठेवलं.

न्हावी तिला रस्त्यात अडवायचा. "हाडंताई, माझ्या शेजाऱ्याचा आजा माकड होता हे मला पटतं. पण माझा नव्हता."

"आजा नाही हो. लांबचा चुलतभाऊ. उगाच भावकीत भांडण लावू नका."

ती वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. हे मी आता म्हणते, तिने कधी तसं म्हटलेलं नाही.

आमच्या गावाच्या दोन आळ्या आहेत, वरची आणि खालची. वरच्या आळीतले स्वतःला मुळापासूनचे समजतात. आम्ही खालचे, मागून आलेले. कधी आलो, कुठून आलो, हे कुणाला सांगता येत नव्हतं, पण मागून आलो हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पाण्याची पाळी आधी वर, मग खाली. गावसभेत पुढच्या खुर्च्या वरच्यांच्या. माझे आजोबा, म्हणजे मावशीचे आणि माझ्या आईचे वडील, चाळीस वर्षं खाणीत दगड फोडत होते आणि मुकादम झाले नाहीत. त्यांनी शिकवलेली वरच्या आळीतली तीन पोरं मुकादम झाली.

खोदकामाच्या सातव्या वर्षी मोठ्या बाईंनी मावशीला शेडमध्ये बोलावून सांगितलं, की गुहेतल्या हाडांमधून आता पेशींची जुनी खूण काढता येते, आणि आजच्या माणसांच्या थुंकीशी ती जुळवून पाहता येते. त्या माणसांचं रक्त आज गावात कुणाच्या अंगात आहे का, हे कळू शकेल. फक्त लोकांनी नळीत थुंकायला हवं.

"थुंकतील," मावशी म्हणाली. "पण विचारतील, आम्हाला काय कळणार?"

"निकाल प्रथम याच सभागृहात वाचला जाईल. छापला जाईल तो नंतर."

मावशीने ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग ती घरोघर गेली. फॉर्म चार पानी होता. ती प्रत्येक ओटीवर बसून तो वाचून दाखवायची आणि वाचून झाल्यावर साध्या भाषेत परत सांगायची. वरची आळी पटकन तयार झाली, कारण त्यांना निकाल आधीच माहीत होता. खालच्या आळीत वेळ लागला. कुणी म्हणे यातून रोग लावतात, कुणी म्हणे पोलिसांकडे जातं. मावशी दोन-दोन, तीन-तीन वेळा त्याच दारात गेली. "माझ्यावर भरवसा आहे ना?" एवढंच शेवटी विचारायची. तेवढ्यावर लोक तयार व्हायचे.

खालच्या आळीतली पहिली नळी आजोबांची. वयामुळे तोंड कोरडं, त्यांना अर्धा तास लागला. नळीचं बूच लावताना ते म्हणाले, "आपण कुठून आलो ते माझ्या डोळ्यांदेखत कळेल ना गं?"

"वर्षाच्या आत, बाबा."

दोनशे बारा नळ्या झाल्या. बर्फाच्या खोक्यांत भरून त्या गेल्या.

त्याच वर्षाच्या शेवटी मोठ्या बाईंना पक्षाघात झाला. त्यांच्या मुलीचं पत्र आलं. जीव वाचला होता, वाचा गेली होती. खूप सायासाने शिकलेली आमची भाषा तर गेलीच, त्यांची स्वतःचीही गेली. प्रकल्प दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेला. पुढच्या हंगामात कुणी आलं नाही. शेडला कुलूप लागलं.

मावशीने प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: विश्लेषण सुरू आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. चार महिन्यांनी तिने परत लिहिलं. तेच उत्तर, तारीख तेवढी वेगळी. मग तिने फोन केला. मी तेव्हा शेजारीच होते.

"मी गुहेवर होते," ती म्हणाली. "चाळणीवर."

पलीकडून विचारलं, कुठल्या विभागाच्या?

"विभाग नाही. चाळणीवर."

तिला थांबायला सांगितलं. ती वीस मिनिटं रिसीव्हर कानाला लावून उभी होती. मग फोन आपोआप तुटला.

आजोबा रोज विचारायचे असं नाही, पण पोस्टमन आळीत दिसला की त्यांची मान वळायची. दुसऱ्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. खाणीची धूळ छातीत बसलेली होती. शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "आली का चिठ्ठी?"

तिला थाप मारता आली असती. आई तर तिला खुणावतच होती. पण मावशी म्हणाली, "नाही आली, बाबा."

"असू दे," ते म्हणाले. "कामं असतील त्यांना."

ते चिडले असते तर तिला परवडलं असतं.

त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. हाडंताईने आपली थुंकी परदेशात विकली. तिच्या घराला नवीन पत्रे लागले ते कुठून आले? पत्रे काकांनी जुन्या कारखान्याच्या भंगारातून आणले होते, पण ते कुणाकुणाला सांगत बसणार? न्हाव्याने तिला अडवणं सोडलं. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. आई तिला म्हणाली, "तू का अंगावर घेतेस? शब्द त्या बाईंनी दिला होता."

"बाईंना कोण ओळखत होतं?" मावशी म्हणाली. "लोक माझ्या तोंडाकडे बघून नळीत थुंकले."

नळ्या गेल्यानंतर पाचव्या वर्षी निकाल आला. तो सभागृहात आला नाही, वर्तमानपत्रात आला. दवाखान्याच्या रांगेत बसलेली असताना मावशीला तो कळला. समोरच्या बाकावरचा माणूस मोठ्याने वाचत होता: गुहेजवळच्या गावातल्या खालच्या आळीचे लोक अवघ्या चारशे वर्षांपूर्वी आलेले. वाचून झाल्यावर त्याने पेपर खाली केला, मावशीला पाहिलं, आणि पेपर परत वर धरला. मावशी डॉक्टरला न भेटताच घरी आली.

मी तेव्हा शहरात वाचनालयात नोकरीला होते. मी तो मूळ लेख मिळवला. सव्वीस पानं, परकी भाषा, पानापानावर आकडे. तीन रविवार आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शब्दकोश घेऊन बसलो. मला शब्द कळायचे, तिला अर्थ. मी एखादं वाक्य कसंबसं सांगितलं की ती म्हणायची, "म्हणजे असं बघ," आणि ते सरळ करून द्यायची.

लेखात पेपरातल्यासारखं काही नव्हतं. गुहेतल्या माणसांचा वंश पुढे चाललाच नाही, असं त्यात होतं. आज गावात कुणाच्याही अंगात त्यांचं काही उरलेलं नाही, ना वर, ना खाली. दोन्ही आळ्या त्याच तीन जुन्या घोळक्यांच्या मिसळीतून झालेल्या. चारशे वर्षांपूर्वी आणखी थोडी माणसं आली, ती दोन्हीकडे मिसळली. खाली जरा जास्त, वर जरा कमी. फरक शंभरात तीन. सगळं गावच मागून आलेलं होतं. शेवटच्या पानावर स्थानिक रहिवाशांचे आभार होते, एका ओळीत. मोठ्या बाईंचं नाव होतं. दाताला क्रमांक होता.

"हे वाचून दाखवायला पाहिजे," मावशी म्हणाली.

"कशाला आता?"

"निकाल सभागृहात वाचायचा असं ठरलं होतं."

तिने हाताने चिठ्ठ्या लिहून दुकानावर, पाण्याच्या टाकीवर, दवाखान्याच्या दारावर चिकटवल्या. रविवारी दुपारी आम्ही शंभर खुर्च्या मांडल्या. एकोणीस माणसं आली. त्यांतली सहा वरच्या आळीतली, आणि ती पुढच्या रांगेत बसली. मावशीने फळ्यावर खडूने तीन ओढे काढले, एकमेकांत मिळणारे, आणि चौथा बारीकसा. ती नेहमीसारखं चांगलं बोलली. मला वाटलं, कदाचित अजूनही जमेल.

वरच्या आळीतला ठेकेदार हात वर करून म्हणाला, "शंभरात तीन. म्हणजे फरक आहे."

"आहे, पण तो दोन घरांमध्येसुद्धा असतो. तुमच्यात आणि तुमच्या भावात..."

"आहे ना? मग झालं तर." तो उठला. त्याच्याबरोबर चौघे उठले.

मग आमच्याच आळीतला एक जण बोलला, खाणीत ड्रिल चालवणारा, मावशीने ज्याच्या घरी तीनदा खेपा घातल्या होत्या तो. आवाज चढवला नाही त्याने. "ताई, आधी ते नुसतं तोंडाने म्हणायचे. आता त्यांच्याकडे छापलेलं आहे. ते आमच्या थुंकीतून काढलंय आणि थुंकी तू नेलीस."

"छापलंय ते चुकीचं छापलंय. मी तेच सांगतेय."

"तू सांगतेयस एकोणीस जणांना."

लोक उठायला लागले. वरच्या आळीतली म्हातारी सुईण तेवढी बसून होती. गावातली अर्धी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली. तिने विचारलं, "त्या लेकराचं पुढे काय झालं गं? दातवाल्या?"

"दात पडला तेव्हा जिवंत होतं. पुढचं माहीत नाही."

"आणि त्यांचं कुणीच उरलं नाही म्हणतेस?"

"कुणीच नाही."

मग काठी टेकत तीही गेली. खुर्च्या आम्ही दोघींनीच आवरल्या.

पुढच्या वर्षी खाण नव्या कंपनीने घेतली. कामगार निम्मे कमी करायचे होते. मूळ रहिवाशांना आधी घ्यावं असा ठराव गावसभेने केला आणि त्याला पेपरचं ते कात्रण जोडलं. कुणाला ठेवायचं याची यादी कंपनीला कुणीतरी करून द्यायलाच हवी होती, तिने गावसभेची घेतली. खालच्या आळीतली एकतीस माणसं घरी बसली. त्यांत ड्रिलवाला होता, आणि मावशीचा मुलगाही. तो बायकोपोरांना घेऊन गाव सोडून गेला. जाताना आईशी तो धड बोलला नाही. आता महिन्यातून एकदा काकांना फोन करतो आणि "आईला सांगा बरा आहे" म्हणून ठेवतो.

मावशीने प्रयोगशाळेला शेवटचं पत्र लिहिलं. बातमी चुकीची आहे एवढंच तुमच्या शिक्क्यानिशी एका कागदावर लिहून द्या, मी तो गावसभेत नेईन. दोन महिन्यांनी उत्तर आलं. प्रसारमाध्यमांनी केलेल्या मांडणीवर आमचे नियंत्रण नसते. खाली सही होती, ती कुणाची ते वाचता येत नव्हतं.

तिने कानाला खडा लावला. पेटी शाळेला देऊन टाकली. शाळेने ती खेळाच्या सामानाच्या खोलीत ठेवली.

गेल्या वर्षी एक तरुण संशोधक आली. गोड मुलगी, पायांतले बूट दाराबाहेर काढून आली. गुहेचं काम परत सुरू करायचंय, नव्या पद्धतीने पुन्हा थुंकी घ्यायचीय, आणि हाडंताईंशिवाय ते होणार नाही असं सगळे सांगतात, असं म्हणाली. मावशीने तिला चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"निकाल आधी गावाला सांगायचा, हे आता फॉर्ममध्येच लिहिलंय, मावशी," मुलीने पानावर बोट ठेवून दाखवलं. "मागच्या वेळी ते नुसतं तोंडी होतं."

"मागच्या वेळी बाई खोटं बोलल्या नव्हत्या," मावशी म्हणाली. "त्या आजारी पडल्या. तू आजारी पडलीस तर कोण येईल?"

मुलगी फसवणारी नव्हती. "मला नाही सांगता यायचं," म्हणाली.

"आणि पेपरवाल्यांनी परत हवं ते छापलं तर?"

"आम्ही खुलासा पाठवू."

"तो कोण वाचेल?"

मुलीने कप खाली ठेवला. मावशीने तिला आणखी चहा विचारला, तिने नको म्हटलं. दारापर्यंत सोडताना मावशीने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझं काम चांगलं आहे. पण माझ्या तोंडून आता कुणाला काही सांगणं होणार नाही."

मुलगी एकटीच आळ्या फिरली. वरच्या आळीने दीडशे नळ्या दिल्या. खालच्या आळीत तिला एकानेही दार उघडलं नाही. आठवड्याने तिचा फोन आला. मावशीने मला ऐकता यावं म्हणून स्पीकर लावला.

"मावशी, मग तुमच्या आळीबद्दल आम्हाला काहीच लिहिता येणार नाही. जणू तुम्ही इथे नव्हताच असं होईल."

"हो, होईल तसं," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवला.

ती आता एकसष्ट वर्षांची आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. कधीमधी बाहेरगावची माणसं रस्ता चुकून आळीत येतात आणि गुहेबद्दल विचारतात, तिथे काय सापडलं होतं म्हणून. ती म्हणते, "आम्हाला काही ठाऊक नाही, वरच्या आळीत विचारा." मी शेजारी उभी असले तरी मी मध्ये बोलत नाही. लोक वळून वर जाईपर्यंत ती दारात थांबते, आणि मग कडी लावून घेते.